सहा नंबरची खिडकी

"तेलाचे दोन थेंब टाका, दोन-चार ठोके मारा आणि सांगा की पार्ट मागवावा लागेल," वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक किल्लीने कान कोरत म्हणाला. "सहा महिने झाले, म्हातारीने डोकं उठवलंय. खिडकी जाम झाली, खिडकी जाम झाली. तुम्ही सांगितलंत की गप्प बसेल. मिस्त्रीचं ऐकतात लोक."

किल्लीच्या टोकाला जे निघालं ते त्याने निरखून पाहिलं आणि खुर्चीच्या हाताला पुसलं. मिस्त्रीने मान फिरवली.

मिस्त्रीला धंद्यातले लोक गुण्या म्हणायचे. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. एकतीस वर्षांत त्याच्या चौकटीचा कोन कधी चुकला नव्हता, म्हणून हे नाव त्याला चिकटलं आणि त्यालाही ते आवडायचं. खिडक्यांचा विषय निघाला की गडी थांबायचा नाही. स्वयंपाकघराची खिडकी वेगळी, तिला धूर घालवायचा असतो. आजाऱ्याच्या खोलीची वेगळी, तिला उजेड हवा पण वाऱ्याचा झोत नको. दुकानाची खिडकी माल दाखवायला, कचेरीची खिडकी माणसं ताटकळत ठेवायला. न्हाणीघराचा झरोकासुद्धा त्याच्या लेखी खिडकीच होता. पण कुठलीही असो, तिला दोन बाजू पाहिजेत, असं तो ठासून सांगायचा. आणि ह्याच गुण्याने गेल्या वर्षी ह्या वृद्धाश्रमात एकाच बाजूच्या नऊ खिडक्या बसवल्या होत्या.

इमारत मुळात गोदामाची. आत भिंती घालून खोल्या पाडल्या, तेव्हा मधल्या नऊ खोल्यांना बाहेरची भिंतच उरली नाही. परवान्याला तर दर खोलीमागे एक खिडकी हवी. तपासणीचा साहेब दारातून डोकावणार, कागदावर खूण करणार आणि चहा पिऊन जाणार, त्याच्यापुरती सोय केली की झालं. म्हणून सपाट भिंतीवर चौकट ठोकली, दुधी काच लावली आणि काचेमागे दिव्यांची बारीक पट्टी बसवली. सकाळी सातला ती आपोआप लागायची, संध्याकाळी साडेसहाला विझायची. कडी खरी, बिजागऱ्या खऱ्या. फक्त झडपा स्क्रूंनी कायमच्या आवळलेल्या. तिथे माणसं राहणार हे मिस्त्रीला ठाऊक होतं. त्याने विचारलं नाही, एवढंच. उलट काम संपल्यावर दहा पावलं मागे जाऊन त्याने आपलीच पाठ थोपटून घेतली होती, की बघणाऱ्याला शंका यायची नाही.

सहा नंबरचं दार उघडलं तसा वास अंगावर आला. फिनेल, मुताने भिजून तशीच वाळलेली गादी, शिळं अन्न आणि बाहेर जायला वाटच नसलेला कित्येक महिन्यांचा श्वास. भिंतीला हात टेकला तर बोटांना तेलकट ओल लागली. मिस्त्रीने हात विजारीला पुसला.

आजी पलंगाच्या कडेला ताठ बसल्या होत्या. चाळीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलेली बाई. केस चापून विंचरलेले, कपडे स्वच्छ, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. खोलीत स्वच्छ म्हणावं असं त्यांच्याशिवाय काही नव्हतं. हो, आणि ती काच.

"आलात का मिस्त्री? बरं झालं," त्या म्हणाल्या. "काच मी रोज पुसते हो, ओल्या फडक्याने. पण झडप काही हलत नाही. मला वाऱ्याचं कौतुक नाही. हा वास तेवढा जाऊ दे. गादी आधीच्या माणसाची आहे, बदलून देतो म्हणाले, देत नाहीत. दारही बंद ठेवतात, वास पॅसेजमध्ये नको म्हणून."

"हं," मिस्त्री म्हणाला.

"नात आली होती. नाकाला रुमाल लावून दहा मिनिटं बसली. तिला वाटलं असेल, माझ्याच अंगाला येतोय. पुन्हा आली नाही." मग म्हणाल्या, "उजेड मात्र छान येतो. पावसाळी हवेतसुद्धा कमी होत नाही."

मिस्त्रीने खिडकीकडे पाहिलं. कडीवरचा रंग पार उडून खालचं लोखंड दिसत होतं. झडपेच्या कडेला, जिथे तळवा टेकून जोर लावायचा, तिथे लाकूड काळपट गुळगुळीत झालं होतं. ही बाई सहा महिने रोज भिंत ढकलत होती. त्याने तेल सोडलं, दोन ठोके मारले आणि पढवलेलं वाक्य म्हणून टाकलं.

"पार्ट मागवावा लागेल, मावशी."

"मागवा की. इतके दिवस थांबले, आणखी आठ दिवस." त्यांनी उशीखालून बिस्किटाचा पुडा काढला. "घ्या. कामाचा माणूस दिसता तुम्ही. बाकीचे नुसतं हो हो करतात."

आजींना नाही कसं म्हणायचं, म्हणून त्याने ते बिस्किट तिथेच खाल्लं. त्यालाही तोच वास होता.

घरी येऊन त्याने तीनदा हात धुतले. ताटावर बसला आणि उठला.

"काय झालं? भाजी बिघडली का?" बायकोने विचारलं.

"भाजी नाही, मी बिघडलोय," तो म्हणाला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

बायकोने ऐकून घेतलं. "आणि तुम्ही तिचं बिस्किट खाल्लंत?" एवढंच तिने विचारलं. त्या प्रश्नाने त्याला स्वतःची अशी शिसारी आली, की चूळ भरूनही तोंड साफ झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कुणी न बोलावता हत्यारांची पिशवी घेऊन गेला. सहा नंबरमध्ये शिरून त्याने दार लावलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "मावशी, पार्ट येणार नाही. ही खिडकी नाही. मागे भिंत आहे. काचेमागे दिवा आहे. मीच केलीय."

आजींना कळायला वेळ लागला. त्या उठल्या, चाचपडत गेल्या, काचेवर हात ठेवला.

"म्हणजे मी रोज भिंत पुसत होते?"

"हो."

"आणि इथले सगळे मला बघत होते?"

त्या शिव्या देतील, रडतील, असं त्याला वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या आपल्या तळव्याकडे बघत राहिल्या.

"काढा ती," त्या म्हणाल्या.

त्याने स्क्रू सोडले. चौकट उतरली, दिव्यांची पट्टी लोंबकळली, मागे बिनरंगाची भिंत दिसू लागली. तिच्यावर बुरशीचे डाग होते. आजींनी भिंतीवरून हात फिरवला आणि बोटं पुसली.

"आता ते दार."

"दार कशाला, मावशी?"

"ते खरं आहे ना? मग काढा. म्हणजे कुणी बंद करणार नाही."

"पण तुम्हाला कपडे बदलायचे, झोपायचं... आडोसा नको?"

"बिजागऱ्या कुठे आहेत तुम्हाला दिसतं ना? तेवढं बघा."

त्याने बिजागऱ्या सोडल्या आणि दार पॅसेजच्या भिंतीला टेकवून ठेवलं. खोलीतला वास हळूहळू बाहेर सरकू लागला. वास पॅसेजमधून पुढे गेला तसा व्यवस्थापक तोंडाला रुमाल लावून धावत आला.

"हे काय चालवलंय? मिस्त्री, वेड लागलंय का? आजी, उद्या तपासणीचे साहेब येणार आहेत. लोक भेटायला येतात. काय दिसेल त्यांना?"

"जे आहे ते," आजी म्हणाल्या.

व्यवस्थापक मिस्त्रीकडे वळून दार पुन्हा लावायला सांगू लागला. मिस्त्रीने पिशवी उचलली आणि शेजारच्या सात नंबरमध्ये शिरला.

आजींनी खुर्ची ओढत आणून दाराच्या रिकाम्या चौकटीत ठेवली. त्यांच्या मागे डागाळलेली गादी, पलंगाखालचं भांडं, बुरशीची भिंत, सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडं दिसत होतं. त्यांनी त्यातलं काहीही झाकलं नाही. पदर नीट केला, हात मांडीवर ठेवले आणि पॅसेजकडे तोंड करून बसल्या.