इंजनाची फिर्याद

आमच्या गावात समुद्र कुणीच पाहिला नव्हता, पण जहाजाचं इंजन मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं. निजामाच्या अमलात, फसली तेराशे एक्केचाळीस साली अर्जुनराव देशमुखांनी ते मुंबईच्या गोदीतून मोडीत घेतलं आणि आठ बैल जुंपून नांदूरघाटच्या वाटेनं नदीच्या डोहावर आणून बसवलं. द्यायचं होतं उसाला पाणी, पण त्यांच्या बोलण्यात सदा जहाज. लोक तोंडावर 'कप्तान' म्हणत, तर गडी खुश!

जहाजाचं इंजन समुद्राचं पाणी पिऊन अंग गार ठेवतं. आमचं डोहाचं पीत असे. पाणी ओढणाऱ्या नळाच्या तोंडाला पितळी जाळी होती, समुद्रातले शंख अडवायला केलेली. तिच्या भोकातून बोट सहज जाई. आमच्या डोहात शंख कुठले? इथं पांढऱ्या तंतूंचा पिंजका आत शिरे, इंजन तापे आणि खोकून बंद पडे. अर्जुनरावांनी बसल्या जागी ठरवून टाकलं, ही धुळाजीच्या मेंढरांची लोकर.

धुळाजी धनगराची साठ मेंढरं त्याच डोहावर पीत. नदी माघातच आटली होती. डोह बंद झाला असता तर चैत्रापर्यंत एकही मेंढरू जगलं नसतं. अर्जुनरावांचे कापसाचे गाडेही डोहाच्या उथळ कडेच्या पाण्यातूनच पलीकडे जात, पण मोठ्यांच्या गाड्यांवर बोट कोण ठेवणार?

अर्जुनरावांनी फिर्याद केली, मेंढरांना डोह बंद करा. महसुलाचे गिरदावरसाहेब घोडीवरून आले आणि म्हणाले, ज्याचं नुकसान त्यानंच हजर राहायचं. नुकसान इंजनाचं. म्हणून कागदावर फिर्यादी इंजन आणि मुलजिम, म्हणजे आरोपी, साठ मेंढरं.

"फिर्यादीचं बयान होऊ द्या," साहेब म्हणाले.

बिभीषण मिस्त्रीनं इंजन चालू केलं. ढुक ढुक ढुक, मग खोकला, मग बंद. साहेबांनी तिन्ही गोष्टी उर्दूत उतरवल्या आणि इंजनाला विचारलं, "और कुछ कहना है?" इंजन काही बोललं नाही. साहेबांनी तेही लिहिलं.

"पुरावा नळाच्या तोंडाशीच पकडायचा," ते म्हणाले. "गाळणी निवडा. पण कुणाची बाजू घेणारी नको. जाड भोकांची जाळी मुलजिमाच्या फायद्याची, बारीक जाळी फिर्यादीच्या."

झालं! गाव घरोघर पळालं. आश्रुबानं मासे धरायचं जाळं आणलं. धुळाजीनं ज्वारीची चाळण पुढे केली, सगळ्यांत जाड. बिचाऱ्याला धास्ती, बारीक जाळीत एखादा केस अडकला तर? अर्जुनरावांनी घरून सपिटाची चाळणी मागवली. बिभीषणनं ती लावली, तर दोन ढुकांत चोंदली आणि इंजनाला घोटभर पाणी मिळेना.

"बारीक जाळीला अंग मोठं पायजे," बिभीषण वैतागला. "वीतभर चाळणी काय कामाची? लई पातळ, लई लांब कापड आना."

"मालकाचा पटका हाय की," साखराबाई बोलली. ही धुळाजीची बायको.

घरंदाज माणूस बोडका दिसतो तो घरात मयत झाली तरच. धुळाजीनं तिचा हात ओढला. "गप बस गं! मरायचं हाय का?"

"कावून गप बसू? मलमलीचा हाय, चोवीस हात हाय, आन फिर्याद बी त्यांचीच हाय."

साहेबांना हे फारच कायदेशीर वाटलं. अर्जुनरावांना तर निकाल खिशात असल्याची खात्री. त्यांनी झोकात पटका उतरवून दिला. बिभीषणनं तो सैल पसरून जाळीवर बांधला, आणि इंजन गावात आल्यापासून पहिल्यांदा न खोकता चांगला अर्धा तास चाललं. मग पटका वर काढला. पांढऱ्या पिंजक्यानं भरलेला.

"बघा, लोकर!" अर्जुनराव ओरडले.

साखराबाईनं एक चिमूट उचलली, उकलली, आणि आतलं काळपट बी साहेबांच्या तळहातावर ठेवलं.

"सरकी हाय, साहेब. आमचं मेंढरू सरकी खातं, पन त्याच्या अंगाला सरकी येत न्हाई."

गाव खो खो हसलं आणि हसता हसता खाली बघू लागलं. डोहात गाडे थांबवून कापसावर पाणी मारतात, वजन भरावं म्हणून, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. तोंड कुणी उघडलं नव्हतं. आजही आठवलं की लाज वाटते.

साहेबांनी निकाल दिला: मेंढरं निर्दोष, गाड्यांना डोह बंद, फिर्यादी इंजन खरं बोललं. पटका पुरावा म्हणून नळावरच राहील. त्यावर लाखेची मोहर लावली.

अर्जुनराव बोडक्या डोक्यानं गावाकडे निघाले. वेशीत छबुबाई भेटली. तिनं त्यांचं डोकं पाहिलं, घागर खाली ठेवली आणि गळा काढला, "अगं बाई, मालकाच्या घरचं कोन गेलं गं!" आणखी दोघींनी सूर धरला. अर्जुनरावांना ना पुढे जाता येईना, ना मागे.

धुळाजी धावला. वैर असलं म्हणून माणसाला असं बोडकं कसं चालू द्यायचं? खांद्यावरच्या घोंगडीची खोळ करून त्यानं ती मालकाच्या डोक्यावर घातली. अर्जुनरावांनी खोळ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

मागून साखराबाई आली. घोंगडीचा काठ त्यांच्या कपाळावर नीट ओढत म्हणाली, "मालक, ही लोकर. वळखून ठिवा."