कांडीला ऊन लागलं नव्हतं

ऊन लागलंय, असं पहिल्यांदा मीच म्हणाले. सरलाबाई नंतर म्हणाली, मग गच्चीवरच्या सगळ्याच बायका म्हणायला लागल्या, पण तोंड आधी माझं उघडलं होतं.

मे महिन्याची दुपार होती. कडोदऱ्याला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही खानदेशच्या बायका सकाळी घातलेले बिबडे उलटत होतो. सुरतेकडे येऊन जन्म गेला, पोरं घरात गुजराती बोलायला लागली, तरी उन्हाळ्यात हे ज्वारीचे पापड वाळल्याशिवाय आमचं वर्ष पुरं होत नाही. तेवढ्यात कांडी जिना चढून वर आली. चाल वाकडी होती. माझ्या पायाशी येऊन तिने ओकारी काढली, तिथेच घाण केली आणि आडवी झाली.

कांडी म्हणजे आमची कुत्री. मागाच्या धोट्यात सुताची बारीक गुंडाळी बसते, तिला कांडी म्हणतात. ही पिल्लू असताना कारखान्यात कांड्यांच्या खोक्यात सापडली, म्हणून ह्यांनी तेच नाव ठेवलं. हे म्हणजे माझे मालक. उभी हयात मागांच्या खडखडाटात काढली आणि दोन्ही कान घालवून घरी बसले. मशीन आणलं होतं कानाचं, त्यात नुसती शिट्टी वाजायची म्हणून काढून टाकलं.

कान गेल्यावर हे भिंतीकडे तोंड करून बसायचे. दारात कोणी आलं-गेलं, गॅसवर दूध उतू गेलं, कशाचं काही नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं तर ह्यांना सगळं कळतं, मागवाले सगळे तसेच बोलतात एकमेकांशी. पण हे बघायचेच नाहीत. बायको बोलतेय आणि नवरा भिंतीकडे बघतोय, असा संसार मी कितीतरी दिवस केला. मग कांडी आली. दारावर कोणी आलं की ही ह्यांची पँट ओढायची. रस्त्यावर मागून गाडी आली की ह्यांच्या पायात आडवी व्हायची. तिच्या जिवावर हे चौकात जायला लागले, भाजी आणायला लागले, माझ्याशी भांडायला लागले. मला कुत्र्यांचा लळाबिळा नाही. घरभर केस होतात आणि मेली उंबऱ्यातच झोपते. पण ती गेली तर हे पुन्हा भिंतीकडे वळतील आणि ह्या खेपेला त्यांना कोणी फिरवू शकणार नाही, एवढं मला तिथे गच्चीवर, ती आडवी झाली तेव्हाच कळलं. माझ्या हातातला बिबडा मोडला.

आता आमच्या लोकांचं एक आहे. जळगाव-धुळ्याकडचं माणूस मे महिन्यात कोणी कोसळलेलं बघितलं की दुसरं काही बघतच नाही. आमच्याकडे ऊन माणसं नेतं. माझा सख्खा काका बांधावर बसल्या जागी गेला होता. ओकारी आणि भोवळ म्हणजे ऊन, आणि उनावर कांदा, ओलं पोतं आणि कैरीचं पन्हं. हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही.

"कांदा फोड वं, तयपायले लाव," सरलाबाई म्हणाली. ती पारोळ्याची, माझ्या शेजारच्या खोलीतली.

आम्ही कांडीला उचलून खाली पॅसेजमध्ये आणलं. ओलं पोतं टाकलं. हे आतून धावत आले, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागले. "ऊन लागनं तिले," मी म्हणाले. ह्यांनी मान डोलावली. ह्यांनाही ते लगेच पटलं, हेही जळगावचेच. मी फ्रीजमधलं पन्हं आणलं, ह्यांनी तिचा जबडा उघडून धरला आणि मी वाटीने ओतलं. निम्मं बाहेर आलं. निम्मं कुठे गेलं देव जाणे, कारण ती खोकायला लागली आणि तो खोकला थांबेना.

मी पुन्हा ओतणार होते. खरं सांगते, वाटी भरलेली होती. पण ह्या खेपेला जबडा मी धरला, आणि बोटाला तिचा ओठ लागला तो जाड, गरम, टम्म झालेला. बघते तर नाक-डोळे एक झालेले. डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या होत्या. हिरड्या पांढऱ्या फटक. आणि ओठाच्या आतल्या बाजूला एक बारीक काळा काटा रुतलेला. मी नखाने तो खरवडून काढला आणि तळहातावर धरला.

"मधमाशी," सरलाबाई म्हणाली.

नळाखाली कांडीचं पाण्याचं भांडं असतं. उनाच्या तहानेने त्याच्या कडेवर रोज माश्या बसतात. मी रोज बघते आणि रोज म्हणते, बसू दे, त्यांनाही जीव आहे. ही पाणी प्यायला गेली असेल आणि माशी चावली असेल ओठाला. एवढीशी माशी. आम्ही पोरं असताना आम्हाला कितीदा चावल्या, चुना लावला की झालं. सरलाबाईने कमरेच्या चंचीतून चुना काढलासुद्धा. पण कांडीच्या गळ्यातून आता बारीक शिट्टी येत होती, प्रत्येक श्वासाला एक, आणि चुन्याने ती बंद होणार नाही हे मला दिसत होतं.

इंजेक्शनं टोचायला आम्ही तिला पर्वत पाटियाला एका डॉक्टरबेनकडे नेतो. मी फोन लावला. काय झालं, कसं झालं ते माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. बाई मध्येच म्हणाल्या, "मुँह से कुछ दिया तो नहीं?"

"पन्हं दिया," मी म्हणाले. "कैरी का."

 मग बाई म्हणाल्या, अब कुछ मत देना, ये एलर्जी है, गला बंद हो रहा है, अभी के अभी लाओ. अभी शब्द त्यांनी इतक्या जोरात म्हटला की फोन माझ्या कानापासून लांब गेला.

रस्त्यावर आलो तर पहिला रिक्षावाला कुत्री बघून म्हणाला, "कूतरुं नहीं बेसाडूं, बेन." दुसऱ्याने पोत्यातून गळणारी घाण बघितली आणि न बोलता गेला. मी तिसऱ्यासमोर जाऊन आडवी उभी राहिले, तर त्याने मला वळसा घालून रिक्षा काढली. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार मी मराठीत केला. हे कांडीला दोन्ही हातांवर घेऊन उनात उभे होते आणि अनवाणी होते, ते मला तेव्हा दिसलं. डांबर पाघळायला आलं होतं.

शेवटी धुडकूभाऊचा टेम्पो दिसला. तो आमच्या सोसायटीतलाच, कारखान्यातून कोऱ्या कापडाचे तागे भरून बाजारात पोचवतो. त्याने विचारलंसुद्धा नाही कुठे जायचंय. "सुकदेवभाऊ, बठा मांगे. वहिनी, तुम्हीबी," म्हणाला, आणि आम्ही ताग्यांच्या गठ्ठ्यांवर चढून बसलो. शेटजीचं पांढरं कापड होतं आणि कांडी त्यावर ओकत होती. धुडकूने आरशातून बघितलं आणि टेम्पो आणखी जोरात सोडला.

टेम्पोत मागे बसून जे झालं ते मला अजून झोपू देत नाही.

ह्यांना ती शिट्टी ऐकू येत नव्हती. ह्यांच्या मांडीवर कुत्री मरत होती आणि ह्यांना तिचा आवाज नव्हता. म्हणून हे मला विचारत होते. "आवाज येस का?" मी म्हणायचे, येस, म्हणजे येतोय. पुन्हा थोड्या वेळाने, "आवाज येस का?" येस. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, हे ओरडून विचारत होते, शेजारून जाणारे मोटारसायकलवाले वळून बघत होते. तिचा श्वास ह्यांच्यापर्यंत पोचवायचं काम माझं होतं आणि मी ते करत होते. कान तिच्या तोंडाशी लावून.

सारोलीच्या अलीकडे गाड्या अडकल्या. पुढे ट्रक, मागे ट्रक, सगळे हॉर्न एकदम. धुडकू खाली उतरून पुढच्यांना हातवारे करायला लागला. त्या गोंगाटात मी तिच्या तोंडाशी वाकले आणि मला शिट्टी ऐकू आली नाही. मी दुसरा कान लावला. काही नाही. हॉर्नमुळे असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि मला ते पटलं नाही.

"आवाज येस का?"

मी वर बघितलं. ह्यांचा चेहरा मला बघवेना. "येस," मी म्हणाले. "चालू शे."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग तिच्या पुढच्या पायाखाली स्वतःचा तळहात सरकवला आणि डोळे मिटले. मागवाला माणूस मागावर हात ठेवून सांगतो कुठे अडलंय ते, तसा ह्यांनी हात ठेवला. डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी नव्हतं, राग होता.

"आवाज बंद शे," हे म्हणाले. "तू खोटं बोलनी. धडधड शे अजून, कमी शे, पन शे. पन तू माले खोटं बोलनी."

 ती मेलीच, असं मी समजले होते आणि ह्यांना चालू म्हणून सांगितलं होतं. गाड्या हलल्या. त्यानंतर पर्वत पाटिया येईपर्यंत ह्यांनी मला एकदाही विचारलं नाही. माझ्या तोंडाकडेच बघितलं नाही. हात तेवढा तिच्या छातीवर होता.

डॉक्टरबेन दारातच उभ्या होत्या. त्यांनी आणि त्यांच्या माणसाने कांडीला ह्यांच्या हातातून ओढूनच घेतलं आणि आत नेऊन दार लावलं. आम्ही बाकड्यावर बसलो. म्हणजे मी बसले, हे दाराकडे तोंड करून उभे राहिले. आतून भांड्यांचा आवाज येत होता, बाईंचा आवाज येत होता, दूसरा लगाओ, जल्दी, ऑक्सिजन. ह्यांना त्यातलं काहीच नव्हतं. त्यांच्यासाठी ते नुसतं बंद दार होतं. मी ह्यांच्या हाताला हात लावला तर हात काढून घेतला. मी देवाला म्हणाले, काय न्यायचं ते ने, माझ्या घरातून हे एवढं नेऊ नको. आणि मला माझ्या काकाची आठवण आली, आणि त्या पन्ह्याची, आणि मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. ह्यांनी ते बघितलं नाही.

दार उघडलं. डॉक्टरबेन बाहेर आल्या, तोंडावर मास्क. त्या मास्कमधूनच बोलल्या. ओठ दिसत नव्हते, त्यामुळे ह्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

बाई म्हणाल्या होत्या, "बच गयी. साँस आ गयी है."

 टेम्पोपासून धरून ठेवलेलं सगळं एकदम आलं. पदर तोंडात कोंबून मी बाकड्यावर ओणवी होऊन रडले. पुन्हा मान वर केली तेव्हा हे तिथे नव्हते. दाराबाहेर उनात पांढरा सदरा चालला होता.

मी उठून धावले. पर्वत पाटियाचा चौक, चारी बाजूंनी वाहनं, कापडाचे टेम्पो, बसगाड्या, आणि माझा माणूस त्यांच्यात सरळ चालत निघालेला. मागून हॉर्न वाजतोय, ह्यांना नाही. आडवं व्हायला कांडी नाही. मी ओरडले. बहिऱ्या माणसामागे मी ओरडत धावले, एवढी अक्कल गेली होती माझी. एक बस ह्यांच्या बाजूने अशी गेली की सदरा उडाला. मी चपला टाकल्या, गाड्यांपुढे हात धरत गेले आणि दुभाजकाजवळ ह्यांची बाही पकडली. बाही फाटली, पण हे थांबले.

"जित्ती शे हो ती," मी म्हणाले. "वाचनी."

हे दुभाजकावर बसले. माझ्या तोंडाकडे बघत होते, शब्द न् शब्द कळत होता. आणि मान हलवत होते. "नको," म्हणाले. "आते नको बोलू खोटं. माले समजनं. तुना तोंडवर दिसनं."

मी पुन्हा सांगितलं. डॉक्टरबेन म्हणाल्या ते सांगितलं. देवाची आण घेतली, योगराजची, आमच्या मुलाची घेतली. ह्यांनी ते सगळं बघितलं आणि मान फिरवली. "माले तिले मरेल देखानं नही," म्हणाले, आणि रस्त्याकडे बघत रडायला लागले, मोठ्याने. आत कांडी जिवंत होती आणि बाहेर माझा नवरा तिच्यासाठी रडत होता, आणि एका खोट्यापायी माझ्या तोंडाला ह्या जगात किंमत राहिली नव्हती. बाजारातली माणसं थांबून बघत होती. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, मी ती ढकलली.

मी ह्यांच्या समोर, रस्त्यावरच, गुडघ्यांवर बसले. दोन्ही हातांनी ह्यांचे गाल धरून तोंड माझ्याकडे वळवलं. ह्यांचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, त्यानंतर कधी नाही, सासू असताना नाही, सासू गेल्यावर नाही, मतदार यादीसाठी आलेल्या बाईला सांगतानाही मी ते शेजारणीकडून वदवलं होतं.

"सुकदेव," मी म्हणाले.

ह्यांचं रडणं थांबलं. डोळे माझ्या ओठांवर होते.

"काय म्हननी तू?"

"सुकदेव," मी म्हणाले. "ती जित्ती शे. चाल."

ह्यांनी फाटक्या बाहीने तोंड पुसलं. मग हात पुढे केला, आणि मी त्यांना उठवलं.