बाजूला ठेवलेला विषय

"पाणी मी सोडायचं आणि माझ्यावर राखण तू करायची?" पाटकरी पाटाच्या दाराशी उभ्या असलेल्या गड्यावर खेकसला.

"मालकांनी सांगितलंय, नजर ठेव म्हणून," गडी मान खाली घालून म्हणाला. "मी काय करू?"

पाटकरीण खोपटापुढं भांडी घासत होती. नवऱ्याचं पडलेलं तोंड पाहून तिला गड्याचा नाही, त्या सभेचाच राग आला.

झालं होतं असं. उन्हाळ्यात एका दुपारी पाटाचं दार उघडंच राहिलं आणि या गड्याच्या मालकाची, खालच्या शिवारातल्या मिरचीवाल्याची, सगळी रोपं वाहून गेली. माणूस मुळातच तापट, त्यात रोपं पोटच्या पोरासारखी जपलेली. त्यानं पाणी समितीत ठराव मांडला, पाटकऱ्याला काढून टाका. चर्चा ऐन रंगात आली आणि कुणीतरी पळत आलं, पंप बंद पडलाय! अध्यक्ष होता गिरणीवाला. तो म्हणाला, "हा विषय तूर्त बाजूला ठेवू." सगळे पंपाकडे धावले. पंप दुरुस्त झाला, विषय तसाच पडून राहिला.

नियम असा की बाजूला ठेवलेला विषय पुढच्याच सभेत एखाद्या सभासदानं मागायचा. निम्म्याहून जास्त हात वर झाले, तर जिथं थांबला तिथून सुरू. नाहीतर कायमचा निकालात. मिरचीवाला तर रुसून बसला होता. "माझ्या रोपांपेक्षा पंप मोठा वाटला ना? आता मागतंय कोण!"

"मग झालंच की," थोरले दीर येऊन समजावत. "गप्प बसा. एवढी सभा उरकली की सुटलात. नोकरी राहील, खोपटं राहील."

पाटकऱ्याच्या घशाखाली मात्र घास उतरत नव्हता. सभेच्या दिवशी सकाळी तो बायकोला म्हणाला, "तो विषय तू माग."

"अहो, तुम्हालाच काढायचा विषय आणि मी मागू?"

"शेत तुझ्या नावावर, सभासद तू. मी पगारी माणूस, मला तिथं कोण बोलू देणार? पण विषय निघाला तर मला विचारतील तरी."

"आणि विचारल्यावर काय सांगणार?"

"झोप लागली होती, म्हणून सांगेन."

झोप लागली होती हे तिला ठाऊक होतं. का लागली तेही ठाऊक होतं. आदल्या रात्री ती तापानं फणफणली होती आणि तो उजाडेपर्यंत उशाशी बसला होता.

"कुणी म्हणतं प्यालो होतो, कुणी म्हणतं मुद्दाम केलं," तो म्हणाला. "केलं त्याची शिक्षा देऊ देत. न केलेलं किती दिवस वाहू?"

संध्याकाळी सभा संपत आली तशी ती उठली. "बाजूला ठेवलेला विषय परत घ्यावा," ती म्हणाली.

"घरात भांडण झालंय वाटतं!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे खो खो हसले.

"वहिनी, नीट विचार करा," अध्यक्ष म्हणाला. "बरं, हात वर करा, कोण कोण?"

तिचा हात वर गेला. बाकीचे जमिनीकडे बघत बसले. उगाच वाईटपणा कोण घेणार? मग मागच्या रांगेतून एक हात वर आला. मिरचीवाल्याचा. दोनच हात.

"विषय निकालात!" अध्यक्षानं सुटकेचा श्वास सोडला.

बाहेर पायरीवर पाटकरी बसला होता. "सुटलास बाबा," म्हणून दिरांनी पाठ थोपटली, तर त्याचे डोळेच भरून आले. मिरचीवाला पायात वहाणा सरकवत समोर थांबला.

"विषय का मागायला लावलास रे?"

"सांगायचं होतं, दादा. आता सभा संपली."

"सभा गेली खड्ड्यात. रोपं माझी गेली, सभेची नाही. मला सांग."

"डोळा लागला होता. दार उघडून बसलो आणि झोप लागली."

पाटकरीण पुढं झाली, पण नवऱ्यानं नजरेनंच तिला गप्प केलं. मिरचीवाल्यानं त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, आवाज बसेपर्यंत. पाटकऱ्यानं एकही उलटून दिली नाही.

"उद्या माझ्या शेताची पाळी आहे," शेवटी मिरचीवाला घोगऱ्या आवाजात म्हणाला. "गडी पाठवत नाही. तूच बघ."

वाटेत पाटकरीण रडत रडत भांडली. "माझ्या तापाचं का नाही सांगितलंत?"

"ताप तुझा होता. झोप माझी होती," तो म्हणाला. "चल, भूक लागलीय."