खालचा फेर

रावजीचा खांदा पुन्हा खचला आणि मनोरा चिखलात आला. टोकावरचा धोंडू कोपरावर आपटला, मधल्या फेरातले चौघे एकमेकांच्या अंगावर पडले, आणि मांडवाच्या कडेला बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मृदंग बंद पडला.

"कोण सुटला?" महिपतबुवांनी विचारलं. वाडीच्या जाखडी नाचाचे ते म्होरके, आणि नाचापुरतं त्यांचं म्हणणं म्हणजे कोर्टाचा निकाल.

सगळे रावजीकडेच बघत होते.

"मीच, बुवा. पाय सरकला."

"रोजच सरकता ह्याचा पाय," समोरून त्याचा पाठचा भाऊ भागोजी म्हणाला. "मुंबईच्या फरशीवर वावरणारा माणूस. गावची माती आता कुठली मानवता त्याला."

रावजीने मान खाली घालून गुडघ्याचा चिखल निपटला. गौरीच्या दिवशी खालच्या वाडीचा नाच सामन्याला येणार होता, आणि तीन थरांचा मनोरा हेच या वाडीचं नाक होतं. या मनोऱ्याच्या खालच्या फेरात, एकमेकांच्या पाठीवरून हात टाकून उभ्या राहणाऱ्या आठ गड्यांत, रावजी विसाव्या वर्षापासून होता. दर गणपतीला गिरणीतून रजा काढून तो यायचा, मांडवात बॅग टाकायचा आणि तसाच फेरात उभा राहायचा. रावजी खाली असला की वर पोरीबाळींनी फुगड्या घालाव्यात, असं बुवा कौतुकाने सांगत. आता त्याने चाळिशी ओलांडली होती, पण चाळिशीत काही असा माणूस मोडत नाही.

तो मोडला होता भुकेने, आणि हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा महिनाभरात मिटेल म्हणून तो गावी आला. बायको विमला दोन पोरांना घेऊन खोलीवरच राहिली. शिमगा गेला, लावणी झाली, संप काही मिटेना. विमला चार घरची भांडी घासू लागली आणि रावजी भावाच्या घरी पाटावर बसू लागला. शेतात तो मरमर राबला, पण शेताचा तुकडा तो केवढा, तिथे जास्तीच्या दोन हातांना काम कुठून असणार. भावजय चिमा कधी वाकडं बोलली नाही. बोलली असती तर त्याला सोपं गेलं असतं. एका सकाळी ती भाताच्या कणगीत वाकली होती आणि करवंटी तळाला घासल्याचा आवाज त्याने ऐकला. त्या दिवसापासून त्याची भूक मेली, म्हणजे तो तसं सांगायचा. पुढे तेही खपेना, तेव्हा त्याने नवी थाप काढली.

मनोरा पडला त्या दिवशीही तालमीवरून आल्यावर चिमाने विचारलं, "भावजी, ताट वाढू ना?"

"नको गो. बुवांकडे झाला माझा."

ओट्यावर पाय धुणारा भागोजी थांबला. "आमच्या घरात कोंडा शिजता काय?"

"तसा नाय रे."

"मग कसा? रोज उठून लोकांच्या दारात जेवतोस. भाऊ घास घालीत नाय, असाच गावाला दाखवायचा ना तुला?"

रावजीच्या तोंडात उत्तर आलं होतं, ते त्याने गिळलं. खरं सांगावं तर आपल्या कणगीचा तळ थोरल्या भावाने पाहिला म्हणून भागोजी शरमेने मेला असता. न सांगावं तर हे असं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते काही खोटं नाही. चिमाने पोरांची ताटं वाढली. कुळथाच्या पिठीचा वास घरभर सुटला होता. रावजी तांब्याभर पाणी प्यायला आणि गोठ्याकडे बैल बघायला म्हणून निघून गेला. बैलांना बघण्यासारखं काही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तालमीआधी बुवांनी त्याला मांडवामागे नेलं.

"रावज्या, उद्यावर गौरी आली. तुझ्या जागी दुसरा कोण उभा करू काय?"

"नको, बुवा. पाया पडतो. घरात मी आयता खाणारा, मुंबईत बायकोच्या जिवावर जगणारा. दिवसातून एकदा कोणतरी माझ्या खांद्यावर भार टाकता, तेवढाच मी माणूस असल्यासारखा वाटता. तो पण काढू नका."

बुवांनी बराच वेळ पान चघळलं. त्यांच्या मते मनोरा कधी अंगाने पडत नाही, मनाने पडतो. आणि दोन सख्खे भाऊ महिनाभर फेरात समोरासमोर उभे राहत होते, एकमेकांना हात लागू नये म्हणून, हे त्यांना दिसत होतं.

"आज दोघं शेजारी उभे ऱ्हवा," त्यांनी मांडवात येऊन हुकूम सोडला. "भाऊ भावाला धरील, मग बघू कोण सुटता."

भागोजी कपाळाला आठ्या घालून आला. मृदंगावर थाप पडली तसा त्याचा हात रावजीच्या पाठीवरून काखेखाली आला, पकड घ्यायला. पकडीला मांसच सापडेना. बनियनखालून त्याची बोटं एका बरगडीवरून दुसरीवर गेली, तिथून तिसरीवर, आणि थांबली. बैलबाजारात बैल चाचपतात तसं आपल्याला कोणी चाचपतंय, असं रावजीला वाटलं. त्याने डोळे मिटून घेतले.

मधला फेर चढला. रावजीचे पाय लटपटायला लागले.

"दादा," भागोजी खालच्या आवाजात म्हणाला, "बुवांकडे जेवतोस तरी काय तू?"

रावजीने मिटलेले डोळे उघडले नाहीत. पण बुवा शेजारीच झांज घेऊन उभे होते. "माझ्याकडे?" ते म्हणाले. "हा गेल्या गौरीला जेवला तेवढाच. ह्या खेपेला तर पाणी प्यायला पण आला नाय."

त्याच क्षणी रावजीचा खांदा खचला. मनोरा मात्र पडला नाही. भागोजीने त्याला कमरेपासून उचलल्यासारखं आपल्याकडे ओढलं, तो भार आपल्या अंगावर घेतला आणि ओरडला, "उतरा सगळे. सावकाश उतरा."

सगळे उतरले. भागोजीने कपाळावरचा घाम पुसला. "बुवा, दादा खाली नको."

संपलं, रावजीला वाटलं, आता इथूनही उठलो.

"मधला एक गडी खाली येऊदे, धोंडू त्याच्या जागी," भागोजी पुढे म्हणाला. "दादा टोकावर जाईल. वर हलका माणूस लागता."

फेरात हशा पिकला. टोकावर मिसरूड न फुटलेली पोरं चढायची, हा केसांत पांढरं आलेला गडी. "मुंबईचा शेट माडीवर चालला," कोणीतरी म्हणालं. भागोजी हसला नाही. त्याचा चेहरा बघून बाकीचेही हळूहळू गप्प झाले.

फेर पुन्हा बांधला गेला. रावजी बाहेर उभा होता. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला तो फेर बाहेरून दिसला. आत शिरायला जागा नव्हती, वर जायलाच काय ती होती. त्याने भागोजीच्या मांडीवर पाय दिला, मग खांद्यावर, आणि तोल सावरत क्षणभर तिथेच थांबला.

"जड झालो काय रे?" त्याने हळूच विचारलं.

"नाय," भागोजी म्हणाला. "जड असतास तर बरा झाला असता, दादा."

रावजी वर चढत गेला. खाली भागोजीचे दोन्ही हात फेरात अडकलेले होते, त्यामुळे त्याला डोळे पुसता येत नव्हते. ते तसेच वाहत राहिले, आणि खांदा हलला नाही.