दुसऱ्या पायाचं जोडवं

त्या रविवारी नळदुर्गात नेहमीसारखंच ऊन होतं. किल्ला बघायला आलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेला लागल्या होत्या, समोरच्या रसवंतीचे घुंगरू वाजत होते, आणि जैनोद्दीनभाईंच्या कारखान्यात मी ऐरणीवर पडले होते. कारखाना म्हणजे रस्त्याकडे तोंड असलेली एक खोली. निरोप आला तेव्हा सव्वा वाजला होता.

मी चांदीची एक कांब आहे. करंगळीएवढी लांब, सरळ. मला आज पाहिलं तर मी काय आहे हे कोणाला सांगता येणार नाही. त्या दिवशी सकाळी साडेदहापर्यंत मात्र मी जोडवं होते. एकटी नव्हते, आम्ही दोघी होतो.

सव्वीस वर्षांपूर्वी भूमच्या एका सोनारानं आम्हाला घडवलं. ईटच्या बजरंग सरांच्या लग्नात, सप्तपदीच्या आधी, आम्ही मथुराच्या पायांत गेलो. ती एकवीस वर्षांची होती. तेव्हापासून तिचे पाय जिथं गेले तिथं आम्ही गेलो. शेणाच्या सारवणावर आमचा आवाज यायचा नाही. सरांनी नवीन घर बांधून फरशी घातली आणि आम्ही वाजायला लागलो. सर वह्या तपासता तपासता मान वर न करता म्हणायचे, "आला वाटतं चहा."

सव्वीस वर्षांत आम्ही झिजलो. एका बाजूनं इतके पातळ झालो की कडेला धार आली आणि मथुराच्या बोटाला कापायला लागलो. ती कापसाची वात गुंडाळायची, पण आम्हाला काढायची नाही. "जोडवी काय चष्मा हाय का, काढली न् ठिवली?" म्हणायची.

सर ईटच्या शाळेत भूगोल शिकवतात. शाळेतल्या पाच-सहा मास्तरांनी दिवाळीनंतर सहल काढायची ठरवली. शनिवारी तुळजापूर, रविवारी नळदुर्ग. त्यात कोणीतरी मोबाईलवर दाखवलं की नळदुर्गात एक चांदीवाले आहेत, प्रवाशांना एका दिवसात दागिना घडवायला शिकवतात, आपला आपण करून न्यायचा. सरांनी ते दोनदा वाचलं. मग घरी येऊन मथुराला म्हणाले, "तुझी जोडवी दे. मी नवी करून आणतो."

"तुमी?" ती हसून खालीच बसली. "खडू धरायचा हात त्यो. हातोडी धरली तर बोट ठेचून घ्याल."

"दोन्ही मीच करणार. सोनाराला हात लावू देणार नाही."

"बघा बरं. एक लहान एक मोठं केलं तर मी गावभर दाखवत फिरंन."

तरीही शनिवारी पहाटे तिनं साबण लावून आम्हाला काढलं. बोटाला सुतळी गुंडाळून माप दिलं. आम्हाला कुंकवाच्या जुन्या डबीत घातलं आणि सरांच्या हातात देताना म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत आणा. मोकळ्या बोटांनी लई दीस बसवू नका मला. सिताबाई टोचून टोचून खातील." सिताबाई तिची थोरली जाऊ.

रविवारी सकाळी बाकीचे मास्तर किल्ल्यावर गेले आणि सर एकटे जैनोद्दीनभाईंकडे आले. जैनोद्दीनभाई साठीचे, हातावर जुन्या भाजल्याचे डाग. क्लासची कल्पना त्यांच्या मुलीची, अलिजाची. शिकवतेही तीच जास्त. बापानं मान हलवली की तिनं बरोबर सांगितलं असं समजायचं.

भाईंनी आम्हाला हातात घेऊन उलटंपालटं केलं. "सर, ही घरातली अंगावरची जोडवी दिसतात. एकदा घरी विचारून घ्या. वितळली म्हणजे वितळली."

सरांनी तिथूनच फोन लावला, आवाज मोठा करून. मथुरा म्हणाली, "वितळवा की. पर आधी हळदकुंकू लावा त्याला. तसंच नगा टाकू आगीत."

सर ओशाळून भाईंकडे बघायला लागले. भाईंनी गल्ला उघडला. आत हळदकुंकवाची पितळी कुयरी होती. "वालिदांच्या वेळची आहे," ते म्हणाले. "बायका आल्या की लागतेच."

"लावलं बघ," सर फोनमध्ये म्हणाले.

"आता ठिवा. मला पिठलं टाकायचंय," ती म्हणाली. त्यांचं शेवटचं बोलणं ते.

मग आम्ही मुशीत गेलो. वितळताना दुखतं का, असं विचाराल तर सांगता येणार नाही. दोघी होतो त्याचा एक गोळा झाला, एवढंच कळलं. भाईंनी साच्यात ओतून कांब पाडली, अलिजानं मधून कापून दोन तुकडे केले, आणि सरांच्या हातात हातोडी दिली.

पहिल्या घावालाच ती ओरडली, "ओ सर! वर्गात पोरांना असंच मारता का?"

"आता मारायला बंदी आहे," सर म्हणाले.

"म्हणून सगळं इथं काढताय व्हय?"

सर मनापासून हसले. तिनं समजावलं की चांदी ठोकली की कडक होते. मग तिला लालसर होईपर्यंत तापवायची, गार करायची, म्हणजे पुन्हा मऊ होते. कडक असताना वाकवायला गेलं तर ती ऐकत नाही. सरांनी ते खिशातल्या डायरीत लिहूनसुद्धा घेतलं.

साडेबारापर्यंत दोन्ही कांबा ठोकून झाल्या. पहिलीला त्यांनी तापवलं, लोखंडी दांड्यावर वळवलं, मथुराच्या सुतळीला लावून पाहिलं, टोकं जुळवून झाळ लावली, कानस फिरवली. शेवटी चिंचेच्या पाण्यात टाकून घासलं. ती अशी निघाली की भाईसुद्धा म्हणाले, "मास्तर, हात बसलाय." सरांनी तिला करंगळीत घालून खिडकीशी धरलं, फोटो काढला आणि मथुराला पाठवला. फोटोखाली दोन खुणा उमटल्या. त्या निळ्या झाल्या नाहीत.

दुसरी मी. ठोकून कडक झालेली, तापवायची राहिलेली. "हिला जेवण झाल्यावर घेऊ," अलिजा म्हणाली.

तेवढ्यात मल्लिकार्जुन सर आले. शाळेत ते चित्रकला शिकवतात. सहलीची गाडी त्यांचीच. किल्ल्यावरून पळत आले असावेत, सदरा पाठीला चिकटला होता. ते आत आले नाहीत. उंबऱ्यातूनच त्यांनी भाईंना खूण केली. ऐरण दाराजवळ होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"वहिनी गेल्या. पिठलं हाटता हाटता खाली बसल्या त्या उठल्याच न्हाईत. सरांच्या भावाचा, रामकिसनदादांचा फोन होता मला. सरांना सांगू नका. तीन तासांचा रस्ता हाय. दवाखान्यात नेलंय, एवढंच सांगणार."

आपल्याकडे असंच करतात. दूर असलेल्याला खरं सांगत नाहीत. 'सिरियस आहे, या' म्हणतात आणि त्याला घरापर्यंत आणतात. यात कोणाचं वाईट मन नसतं.

मल्लिकार्जुन सर आत येऊन म्हणाले, "सर, चला. वहिनींना जरा चक्कर आली. बार्शीला नेलंय."

सर उठले. चप्पल शोधायला लागले. पायाशीच होती, तरी त्यांना सापडेना.

भाईंनी मात्र चिमटा घेतला, मला उचललं आणि फुंकणीची ज्योत पेटवली. "सर, पाच मिनिटं थांबा. हे पण करून देतो."

"राहू द्या भाई."

"पाचच मिनिटं. मी स्वतः करतो."

"तेच नको. तिला सांगून आलोय, दोन्ही मी करणार. तुमच्या हातचं ती एका नजरेत ओळखील." सर हसण्याचा प्रयत्न करत होते. "पुढच्या रविवारी येतो ना. तिलाच घेऊन येतो."

"सर, ऐका माझं. आज दोन्ही घेऊन जा. अर्धं काम मी दुकानाबाहेर जाऊ देत नाही."

"चला सर," मल्लिकार्जुन सर खाली मान घालून म्हणाले.

ज्योत माझ्या अगदी जवळ होती. एका बाजूनं मी तापायला लागले होते. भाईंनी मल्लिकार्जुन सरांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. ओठ हलले त्यांचे. मग त्यांनी ज्योत बंद केली.

त्या खोलीत तीन माणसांना ठाऊक होतं की ही दोन जोडवी आज संध्याकाळच्या आत लागणार आहेत. अलिजा बापाच्या चेहऱ्यावरून ओळखून आत निघून गेली होती. ज्यांना माहीत नव्हतं ते एकटेच 'नको' म्हणत होते, आणि त्यांचंच ऐकायचं होतं. मलाही ठाऊक होतं. पण मला कसलं तोंड?

भाईंनी आम्हा दोघींना गुलाबी कागदात बांधून सरांच्या मुठीत दिलं.

गाडीत सरच बोलत होते. "पित्त झालं असेल. उपाशी राहते रविवारची. सकाळी तर चांगली बोलली." ते मथुराचा फोन लावत होते, तिकडून कोणीतरी कापत होतं. तुळजापूर गेलं. धाराशिव गेलं. येडशीला बार्शीचा रस्ता डावीकडे फुटतो. गाडी तिथं वळली नाही. सरळ गेली, ईटकडे.

सरांनी मान वळवून तो रस्ता मागे जाताना पाहिला. भूगोलाचे मास्तर, त्यांना जिल्ह्याचा नकाशा तोंडपाठ. त्यांनी फक्त मूठ आवळली. गोल जोडवं त्यांच्या तळव्यात रुतलं आणि मी बोटांच्या मध्ये आडवी. पुढचा तासभर ती मूठ सुटली नाही.

घरी मथुराला आंघोळ घालून झाली होती. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर मळवट. सवाष्ण गेलेल्या बाईला जसं नटवतात तसं. ओसरीवर बायका बसल्या होत्या. सिताबाई पायांशी होत्या. सरांना बघून त्यांनी आधी हंबरडा फोडला, मग डोळे पुसून हात पुढं केला.

"भावजी, जोडवी द्या. तुमच्याकडं हायत म्हणली व्हती."

सरांनी कागद उघडला. एक गोल, चकचकीत. दुसरी मी.

सिताबाईंना आधी कळलंच नाही. "आन् हे काय?"

"हे… दुसरं."

शेजारच्या कडूबाई वयानं सगळ्यांत मोठ्या. त्या म्हणाल्या, "एका पायात घालून पाठवत न्हाईत बाई. घालायची तर दोन्ही, न्हाय तर एकबी न्हाय."

"मोकळ्या पायानं पाठवू का तिला? नवरा जित्ता हाय तिचा!"

"कुणाची तरी आणा मग."

कोण देणार? तिथं बसलेल्या प्रत्येकीनं नकळत पदराखाली पाय ओढून घेतले. त्यांचाही दोष नाही. रविवार, गावातला सोनार लेकीकडं गेलेला. दिवस कलायला आला होता आणि रामकिसनदादा दोनदा आत डोकावून गेले होते.

सर मला घेऊन मागच्या अंगणात गेले. हातपंपाच्या दांड्यावर मला ठेवलं आणि वरवंटा उचलला. सकाळी लिहून घेतलेलं सगळं विसरले होते ते. आठवलं असतं तरी विस्तव कुठून आणणार? ज्या घरात प्रेत असतं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. मथुरानं लावलेली शेगडीसुद्धा कोणीतरी विझवून बाजूला केली होती.

त्यांनी घाव घातला. मी वाकले नाही. मला वाकायचं होतं. सव्वीस वर्षं मी त्याच बोटाभोवती गोल होते, मला तो गोल ठाऊक होता. पण चांदीला तिचा स्वतःचा धर्म असतो, त्याच्यापुढं माझं काही चालत नाही. दुसऱ्या घावाला मी उडून चिखलात पडले. तिसऱ्याला माझ्या अंगावर बारीक चीर गेली. चौथा त्यांच्या अंगठ्यावर बसला. मल्लिकार्जुन सरांनी येऊन हातातला वरवंटा काढून घेतला. "माझं चुकलं सर," ते म्हणाले. सर त्यांच्याकडे बघत होते, पण ऐकलं की नाही कळलं नाही.

शेवटी सिताबाईंनी उजव्या पायात गोल जोडवं घातलं. ते मापात अगदी बरोबर बसलं. डाव्या पायाच्या बोटाला पांढरा दोरा गुंडाळला. कडूबाई पुटपुटत होत्या, पण दोऱ्याला हळद त्यांनीच लावली.

माझी जोडीदारीण तिच्याबरोबर गेली. मी मागं राहिले.

आता मी सरांच्या टेबलाच्या खणात असते, खडूच्या रिकाम्या खोक्यात. कधी कधी ते खण उघडतात, मला बाहेर काढून तळहातावर ठेवतात, आणि वह्या तपासायला घेतात. चीर दिसू नये म्हणून मला पालथी ठेवतात. घरात फरशी आहे, पण ती वाजत नाही.

माझं एक मागणं आहे. कोणी दूर असेल आणि त्याच्या हातात गेलेल्या माणसासाठी काही अर्धं असेल, तर त्याला खरं सांगा. ते पुरं करायला पाच मिनिटं लागतात. अर्थात हे मी खोक्यात पडून बोलते आहे. त्या दुपारी मला वाचा फुटली असती, तर चप्पल शोधणाऱ्या त्या माणसाला मी तरी सांगितलं असतं का, कोण जाणे.

मध्ये एकदा जैनोद्दीनभाईंचा फोन आला.  भाई म्हणाले, "सर, त्या दिवशी मला माहीत होतं."

"हं," सर म्हणाले.

"मल्लिकार्जुन सरांकडून कळलं सगळं. तुमचं काम अर्धं राहिलंय. या एकदा. चीर गेली असली तरी वितळवून नीट करता येईल. मी हात लावणार नाही, तुम्हीच करा."

"येतो," सर म्हणाले.

त्याला आता आठ महिने झाले. सर अजून नळदुर्गाला गेलेले नाहीत.