कोणी घोडा ओढून पाहिला नाही

मित्रांनो, मी एक जुनी रिव्हॉल्व्हर आहे. हे ऐकून तुमच्यातले काही जण पुढे सरकले असतील, काही मागे. मागे सरकलेल्यांचेच बरोबर आहे. तरी माझे ऐका, कारण आता माझ्यापासून कोणालाही भय उरलेले नाही.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका नदीकाठच्या कारखान्यात झाला. माझे अंग निळसर काळे होते आणि मूठ अक्रोडाच्या लाकडाची. माझ्या पोटात गोळ्यांचे एक चक्र होते. मागच्या बाजूचा घोडा अंगठ्याने ओढला की ते फिरे आणि त्यातले एक घर नळीच्या अगदी समोर येऊन थांबे. ते केसभर जरी चुकले तरी सारे बिघडते. पण तेव्हा माझे काही चुकत नव्हते.

मी अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरांत आले ती एमेट कॉडिलच्या कमरेला. एमेट शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलीस अधिकाऱ्याचा, मदतनीस होता. माणूस भला. मला त्याने रागाच्या भरात कधी बाहेर काढले नाही. पण त्याला एक हौस होती. गोळ्या भरून झाल्या की बाजूला उघडलेले माझे चक्र दुसऱ्या हाताने हळूच आत लोटायचे सोडून तो मनगटाला एक झटका देई, आणि चक्र खट्‌कन आत जाऊन बसे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी कचेरीच्या आवारात बाजार भरे. चाकू, बंदुका, खेचरे, सगळ्यांची अदलाबदल चाले. तिथे मुले त्याच्याभोवती गोळा होत.

"एमेटकाका, अजून एकदा!"

"अरे, तिचा पार भुगा होईल," तो हसत म्हणे आणि पुन्हा झटका देई.

टाळ्या पडत. खरे सांगते, मलाही ते आवडे. त्या प्रत्येक झटक्याने चक्राला धरून ठेवणारा माझा दांडा कणाकणाने वाकत होता, हे मला समजत होते. पण कौतुक कोणाला नको असते?

एमेट गेला. त्याचा धाकटा भाऊ सायलस तंबाखूची शेती करी. त्याने मला बर्ल टॅकेटच्या गहाणाच्या दुकानात ठेवले आणि परत सोडवले नाही. मात्र दुकानातल्या शेगडीजवळच्या खुर्चीत तो रोज येऊन बसे, कॉफी पीत. मी काचेच्या कपाटातून त्याच्याकडे पाही. तो माझ्याकडे पाहत नसे.

बर्लने मला बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे नेले. त्याने चक्र हलवून पाहिले आणि तोंड वाकडे केले. "दांडा वाकलाय. चक्र नळीसमोर नीट येत नाही. गोळी कडेला घासणार आणि ही दोन्ही बाजूंनी शिसं थुंकणार. हिच्यावर खर्च करू नकोस."

बर्लने माझी किंमत उतरवली आणि मला पुन्हा कपाटात ठेवले. लबाडी त्याच्या मनात नव्हती. कोणी विचारले की सांगायचे, असे त्याने ठरवले होते.

मग ऑर्बी स्टॅम्पर आला. खाणीतल्या स्फोटात त्याचा उजवा कान गेला होता आणि डाव्याने जेमतेम ऐकू येई. त्यामुळे तो नेहमी ओरडूनच बोले.

"एवढ्या पैशांत? एमेटची?"

"एवढ्याच पैशांत," बर्ल म्हणाला. "आहे तशी. बघून घ्यायची."

ऑर्बीने मला उचलले. जुनी रिव्हॉल्व्हर घेताना घोडा सावकाश ओढतात आणि चक्र चिमटीत धरून हलवून पाहतात. हे ऑर्बीला ठाऊक होते. त्याचा अंगठा माझ्या घोड्यावर टेकलासुद्धा. तेवढ्यात शेगडीजवळून सायलस म्हणाला, "आमच्या एमेटनं जिवापाड जपली तिला."

मित्रांनो, आमच्या डोंगरात मेलेल्या माणसाची बंदूक त्याच्या सख्ख्या भावासमोर अशी तपासत नाहीत. गेलेल्यावरच संशय घेतल्यासारखे होते ते. ऑर्बीने अंगठा काढून घेतला.

"ते काय सांगायला हवं, सायलस? दिसतंयच की."

बर्लने शेगडीकडे पाहिले, मग खिडकीबाहेर. मी कपाटावरून ऑर्बीच्या खिशात गेले.

रविवारी प्रार्थनेनंतर घेवडा आणि मक्याचा पाव खाऊन ऑर्बी घरामागे आला. त्याने कुंपणाच्या खांबांवर रिकामे डबे मांडले. त्याची बायको डेल्सी पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला हात पुसत मागोमाग आली.

"न्हाणीचा नळ गळतोय, आणि तू हे काय घेऊन आलायस?"

"फुकटात मिळाली म्हण!"

"तूही मला फुकटातच मिळालास. त्याचं काय झालं ते बघतेच आहे."

ऑर्बी खो खो हसला. डबा पडल्याचा आवाज त्याला ऐकू येत नसे, म्हणून डेल्सी त्याच्या डाव्या खांद्याला खेटून उभी राही आणि कानात ओरडून सांगे. तशी ती उभी राहिली. म्हणजे माझ्याही अगदी शेजारी.

पहिली गोळी सुटली. "पडला!" डेल्सी ओरडली. दुसरी सुटली. तिने गाल चोळला.

"काहीतरी चावलं रे गालाला."

"माशी असेल."

"या थंडीत कुठली माशी?"

"मग बंदुकीच्या दारूचा कण उडाला असेल. म्हातारी आहे ती, खोकणारच जरा."

त्याच्याही अंगठ्याला चटका बसला होता. त्याने तो पँटला पुसला आणि घोडा पुन्हा ओढला. मी अडले. खरेच अडले, मित्रांनो, चक्र अर्ध्यावर थांबले. मला वाटले, आता तरी तो मला उलटून पाहील. त्याने नुसता जोर लावला.

गोळी सुटली. डबा लांब उडाला. माझ्या चक्र आणि नळीमधल्या फटीतून शिशाची एक कपची डावीकडे गेली.

डेल्सी किंचाळली ते ऑर्बीला ऐकू आले नाही. तो समोर खांबाकडेच पाहत होता. "पडला का?" त्याने विचारले. "डेल्सी, पडला का?"

डॉक्टरांनी कपची काढली. डोळा काही वाचला नाही.

डेल्सी गोधड्या शिवून विकत असे. आता एका डोळ्याने तिला सुईत दोरा ओवता येईना. रोज संध्याकाळी ऑर्बी खाणकामाने जाड झालेल्या बोटांनी तिच्यासाठी सुया ओवून सुयांच्या छोट्या उशीत टोचून ठेवू लागला. मी समोरच फडताळात होते. ती त्याला एकदाही दोष देत नव्हती, आणि तो दिवसेंदिवस वाळत चालला होता. एके दिवशी तिने सुई खाली ठेवली.

"असा माझ्याकडे बघत बसू नकोस. ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याशी जाऊन बोल."

ऑर्बीने मला उचलले आणि बर्लच्या दुकानातल्या गल्ल्यापुढच्या फळीवर नेऊन ठेवले. बर्लचा चेहरा पडला. काही न विचारता त्याने पैशांचा खण उघडला. तेवढ्यात दार वाजले आणि वनीटा आत आली. ती इस्पितळात रात्रपाळी करी आणि एकटीच गाडी चालवत घाटातून घरी जाई.

"अगंबाई, ही एमेटकाकांची ना? विकायचीय का, बर्लकाका?" तिने मला उचलले, अंगठा घोड्याजवळ नेला, मग खुर्चीतल्या सायलसकडे पाहून ओशाळली. "एमेटकाकांची म्हणजे बघायला नकोच."

बर्ल उघड्या खणातल्या नोटा मोजू लागला. मी तिच्या हातात गार पडले.

"बघायलाच हवं, पोरी!" ऑर्बी इतक्या मोठ्याने ओरडला की कपाटाची काच थरथरली. त्याने मला काढून घेतले, घोडा ओढला, चक्र चिमटीत धरून हलवले. ते पडायला आलेल्या दातासारखे डुगडुगले. "एमेटच्या झटक्यांनी ही वाकलीय. सायलस, राग येऊ दे तुला. मी इथं उभा राहून बघितलं नाही. आणि डेल्सीनं सांगितलं गालाला चावलं, तर मी माशी म्हणालो. माशी!"

"मला माहीत होतं," बर्ल हळूच म्हणाला.

"काय?"

"मला माहीत होतं!" आता बर्लही ओरडला. "तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही."

सायलस उठला. वाटले, आता हातघाई होणार. पण तो माझ्याजवळ येऊन नुसता उभा राहिला.

"शेवटी शेवटी एमेट हातमोजा घालून नेम धरायचा," तो म्हणाला. "मला वाटलं, थंडी सोसत नसेल. अंगठा भाजत होता त्याचा."

त्याने बर्लकडून पेचकस मागून घेतला आणि माझे चक्र उतरवले. ते रुमालात बांधून तो टोपी हातात घेऊन डेल्सीच्या घराकडे चालत गेला. तिथे तो काय बोलला, मला माहीत नाही. मी फळीवरच पडून होते.

आता मी बर्लच्या मागे भिंतीवर खिळ्याला टांगलेली असते. माझ्या पोटातून आरपार दिसते. बाजाराच्या दिवशी मुले येतात आणि विचारतात, हिचे चक्र कुठे गेले? बर्ल सगळी हकीकत सांगतो. कधी कधी स्वतःचा भाग गाळतो. मग शेगडीजवळून सायलस खाकरतो, आणि बर्लला मागे जाऊन पुन्हा सांगावे लागते.

मित्रांनो, टाळ्यांसाठी कोणाला झटके देऊ नका. वस्तू घेताना ती कोणाची होती हे ऐकून थांबू नका, उघडून पाहा. त्यात कोणाचा अपमान नसतो. ठाऊक असलेली गोष्ट कोणी विचारायची वाट पाहत दाबून ठेवू नका. आणि शेजारी उभे असलेले आपले माणूस म्हणाले की मला काहीतरी चावले, तर समोरच्या डब्याकडे पाहू नका. हातातले खाली ठेवा आणि आधी त्याच्या गालाकडे पाहा.