माळावरचे एकेचाळीस बाण

सुकऱ्याला वाट दाखवायचं काम मिळालं, कारण आंबेपाड्यात त्याच्याइतक्या वाटा कुणालाच माहीत नव्हत्या. घोडं तिथंच अडलं, पण ते पुढे येईल.

तलासरीच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी हा पाडा. कुणाचं जनावर हरवलं की सुकऱ्याला हाक जाते, वऱ्हाड दुसऱ्या गावाला निघालं की सर्वांत पुढे सुकऱ्या. अठ्ठावन्न वर्षांचा हा माणूस भात आणि थोडी नागली पिकवतो, बोलतो कमी, आणि वाटांच्या बाबतीत त्याला गर्व आहे. दुसऱ्या कशाचा करावा असं त्याच्यापाशी काही नाही, तेव्हा एवढा असू द्या.

त्याची मुलगी दक्षा. आधी घोलवडला नर्सरीत चिकूची कलमं बांधायची, तिथून डहाणूच्या एका संस्थेत लागली. ही संस्था शहरातल्या माणसांना खेड्यांतून चालायला आणते. हे ऐकून म्हाताऱ्या बायजीने विचारलं होतं, "त्यांच्याकडे रस्ते नाय का?" आहेत, असं दक्षा म्हणाली. "मंग?" यावर दक्षाने विषय बदलला. उत्तर संस्थेपाशीही नसावं. पण नोकरी चांगली होती आणि तीन महिन्यांच्या बोलीवर होती. डिसेंबरातली पहिली फेरी नीट पार पडली तर दक्षा कायम, नाहीतर परत कलमं. संस्थेचे प्रमुख धर्मेशभाई यांनी हे फार गोड शब्दांत सांगितलं होतं, आणि गोड शब्दांत सांगितलेलं सहसा बदलत नाही. सुकऱ्याला हे सगळं ठाऊक होतं. खुर्चीत बसून काम करणारी पाड्यातली ही पहिली पोरगी, आणि ती त्याची. तिचं नाव कुणी काढलं की त्याचा ऊर भरून यायचा. मग तो उगाच तंबाखू मळत बसायचा.

फेरी अकरा किलोमीटरची. तीन पाडे, कापणी झालेली भाताची शेतं, एक मोठा माळ आणि शेवटी ओहोळ. सोबत वाटाड्या नाही, पाहुण्यांनी आपलं आपण चालायचं, यातच म्हणे गंमत. म्हणून दगडांवर बाण हवे होते. संस्था हे काम बाहेरच्या पेंटरला देणार होती. दक्षाने शब्द टाकला, की माझा बा करील. तिने बापाच्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश दिला आणि सांगितलं, "बा, जिथं माणूस वाट चुकल ना, तिथं बाण काढ."

सुकऱ्याने ही सूचना जशीच्या तशी पाळली.

पहिला फाटा चिंचेपाशी. तिथे तो बराच वेळ उभा राहिला. डावीकडची वाट नवशीच्या घरी जाते, उजवीकडची ओहोळाकडे. ज्याला नवशीकडे जायचंय तो डावीकडे जातो, नाही तो जात नाही. यात चुकायचं काय? जन्मात इथे कुणी चुकल्याचं त्याने पाहिलं नव्हतं. इथे बाण काढायचा म्हणजे येणारा जाणारा मूर्ख आहे असं दगडावर लिहिण्यासारखं. पाहुण्यांचा असा अपमान बरा नव्हे. तो पुढे गेला. दुसऱ्या फाट्यावर हाच विचार, तिसऱ्यावरही. एकूण चौदा फाटे त्याने न्याहाळले आणि सन्मानाने सोडले.

मग माळ आला. माळावर फाटा नाही, वळण नाही, एकच वाट सरळ पलीकडे जाते. पण पाड्यात जो जो म्हणून वाट चुकला तो इथेच. माळावर चकवा आहे. तो एकदा लागला की माणूस नाकासमोर चालतो आणि तासाभराने निघाला तिथेच येतो. मग खाली बसायचं, तंबाखू खायची, चकव्याला कंटाळा येईपर्यंत थांबायचं. आता शहरातली माणसं, त्यांच्याकडे तंबाखू असेल नसेल. सुकऱ्याने मन लावून दर वीस पावलांवर बाण काढला. दोन दिवस लागले, बाण एकेचाळीस झाले. सरळ वाटेवर, सरळ पुढे दाखवणारे.

दक्षा त्या दिवसांत परवानग्यांसाठी डहाणूत कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होती. तिने फोन केला. "बा, झालं का?"

"झालं. चुकायची एक पण जागा नाय सोडली."

शेजारच्या उमेशच्या मोबाइलवरून त्याने फोटो पाठवले. दगड, बाण, मागे आभाळ. बाण इतके सुबक होते, की दक्षाने ते धर्मेशभाईंना दाखवले आणि ते "सरस!" म्हणाले.

फेरीच्या दिवशी सकाळी सात वाजता रस्त्यावरून अठरा पाहुणे निघाले. धर्मेशभाई आणि दक्षा गाडीने फेरी संपते तिथल्या शाळेत जाऊन थांबले. सुकऱ्या माळाच्या पलीकडच्या टोकाला पाण्याची कळशी घेऊन बसला. आपल्या बाणांवरून लोक येताना बघायचे होते, दुसरं काही नाही. आठ वाजले, नऊ वाजले. दहा वाजता त्याला वाटलं, चकवा फारच जोरात आहे आज. अकरा वाजता उमेश मोटरसायकलवर आला.

"काका, बस मागं. तुझे पाहुणे गावभर सांडलेत."

सांडले होते हे खरं. सहाजण नवशीच्या घरी होते. त्या वाटेने येतो तो आपल्याकडेच येतो, हा नवशीचा आयुष्यभराचा अनुभव. तिने त्यांना बसवलं, भाकरी वाढली आणि ते कुणाचे कोण हे कळेपर्यंत उठू देत नव्हती. पाचजण वालाच्या शेतात कुंपणाआड अडकले होते. तिघं निघाले तिथेच परत पोचले होते, तेही चकव्याच्या मदतीशिवाय. उरलेले चौघे उत्तरेला, सीमेच्या अंगाने चालत राहिले आणि त्यांच्या मोबाइलवर गुजरातमध्ये स्वागत असल्याचा संदेश आला. माळावर एकही माणूस पोचला नव्हता.

चिंचेपाशी सुकऱ्याने उमेशला थांबायला सांगितलं. त्याने दोन्ही वाटांकडे पाहिलं. नवशीला न ओळखणारी माणसं जगात आहेत, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला जो ओळखत नाही, त्याच्यासाठी या नुसत्या दोन वाटा होत्या. आपण पोरीची नोकरी घालवली.

दीड वाजेपर्यंत सगळे पाहुणे शाळेच्या पटांगणात गोळा झाले. पाठोपाठ पाडाही जमला, कारण इतकी करमणूक रोज होत नाही. धर्मेशभाई ओरडणाऱ्यांपैकी नव्हते. राग आला की त्यांचा आवाज खाली जायचा, आणि आता तो जवळजवळ ऐकूच येत नव्हता.

"दक्षाबेन, चौदा फाटे आहेत. एकावर पण बाण नाही. तुम्ही जाऊन बघितलं नव्हतं? फाट्यावर काढायचे एवढं पण सांगितलं नव्हतं?"

दक्षा पुढे झाली. "सर, माझी चू..."

"तिनं सांगितलेलं," सुकऱ्या मध्येच बोलला. आयुष्यात तो कुणाच्या बोलण्यात असा घुसला नव्हता. "फाट्याफाट्यावर काढ म्हणली. दोनदा म्हणली. मलाच फाटे नाय गावले."

"गावले नाहीत? काका, तुम्ही तर इथलेच ना?"

"इथलाच हाय." सुकऱ्याने जमिनीकडे पाहिलं. "पण मला वाटा नाय कळत, साहेब. पहिल्यापासून नाय कळत. पोरीला ठाव नव्हतं. मी सांगलंच नाय."

वऱ्हाडं ज्याच्या मागून चालली, जनावरं ज्याने हुडकून आणली, तो माणूस हे बोलत होता. उमेशने तोंड उघडलं आणि नवशीने त्याच्या पायावर पाय दिला. मग बायजी काठी टेकत पुढे आली.

"खरं हाय," ती म्हणाली. "लहानपणापासून तसाच. सोताच्या लग्नात पण हरवलेला. आमी सगळी बत्त्या घेऊन हुडकीत होतो."

"हां, हां," दोनचार जण म्हणाले. नवशी म्हणाली, की तिच्या घरी तर तो दर महिन्याला चुकून येतो. एवढ्याची गरज नव्हती, पण तिने मनापासून म्हटलं.

"बा..." दक्षा म्हणाली. सुकऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

धर्मेशभाईंचा आवाज हळूहळू वर आला, म्हणजे राग उतरला. "चला, होतं असं. दक्षाबेन, तुमची चूक नाही. पुढच्या फेरीला बाण पेंटरकडून काढून घ्या, आणि सोमवारी या, कागद करून टाकू." एवढं बोलून ते गाडीकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात या भागाचा रंगीत नकाशा होता. माणूस मनाने वाईट नव्हता.

"हा ठेवा, काका. यात लाजायचं काय नाय. दक्षाबेन, यांना जरा समजावून सांगा."

सुकऱ्याने नकाशा दोन्ही हातांनी घेतला. दक्षाने तो शाळेच्या कट्ट्यावर पसरला.

"ही शाळा, बा."

"हां."

"हा ओहोळ. इथं माळ."

"हां."

"आणि हे..." तिने बापाकडे पाहिलं. "हे आपलं घर."

सुकऱ्या वाकला आणि त्याने नीट निरखून पाहिलं. धर्मेशभाई अजून तिथेच उभे होते.

"बरं," तो म्हणाला. "मंग हितनं तिकडं जायचं कसं?"